नऊशे रुपये आणि दोन दिवस

मी पुण्यात बसून दुसऱ्या एका राज्यातल्या लोकांच्या घरची वीज बंद करतो. वाक्य जरा नाटकी वाटेल, पण त्यात खोटं काही नाही. आमची कंपनी तिथल्या एका वीज वितरण कंपनीसाठी स्मार्ट मीटरचं सॉफ्टवेअर सांभाळते. त्यातला मीटरला ‘जोड’ किंवा ‘तोड’ असा आदेश पाठवणारा जो भाग आहे, त्याचा बराचसा कोड गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. ग्राहकाची शिल्लक ठरलेल्या मर्यादेखाली गेली, सूचनेचे तीन एसएमएस जाऊन झाले, कार्यालयीन वेळ आहे आणि आज रविवार किंवा सुट्टी नाही, एवढ्या अटी पूर्ण झाल्या की आदेश सुटतो. तिकडे मीटरमधला रिले खट्‌ असा आवाज करतो आणि पंखा थांबतो. तो आवाज मी आजवर फक्त आमच्या लॅबमधल्या मीटरचा ऐकला आहे.

मागच्या मे महिन्यात एका सोमवारी सकाळी माझ्याकडे एक तक्रार आली. एका घराची वीज शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तुटली होती. संध्याकाळी पावणेसातला त्यांनी दोनशे रुपयांचा रिचार्ज केला. पैसे जमा झाले, शिल्लक वाढली, ‘जोड’चा आदेशही सुटला, पण मोबाइल नेटवर्क अडल्यामुळे तो मीटरपर्यंत पोचला नाही. आमची प्रणाली तीनदा प्रयत्न करते आणि मग ते प्रकरण माणसाने बघायच्या रांगेत टाकते. ती रांग कार्यालयीन वेळेत उघडते. म्हणजे सोमवारी दहाला. पैसे भरून चाळीस तास ते घर अंधारात होतं. मे महिन्यात.

तीन प्रयत्नांचा नियम मीच लिहिला होता. रविवारी वीज तोडायची नाही, हे आम्ही मोठ्या काळजीने कोडमध्ये घातलं होतं. त्याच्यासाठी वेगळी चाचणी लिहिली होती. रविवारी वीज जोडायची असेल तर काय, हे कोणाच्याच मनात आलं नव्हतं. चूक दुरुस्त करायला मला अर्धा दिवस लागला. आता आदेश पोचेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी जातो. दुरुस्ती झाली, तक्रार बंद झाली. डोक्यात मात्र दुसरंच काही अडकून राहिलं. चाळीस तास ही चूक होती, ठीक. त्याआधीचे पावणेआठ तास, शनिवारी अकरा ते पावणेसात, त्या घरात पैसे नव्हते म्हणून वीज नव्हती. त्या वेळात आमची प्रणाली अगदी बरोबर चालली होती.

हे मी मामांना सांगितलं. मामा सांगोला तालुक्यात वीज खात्यात वायरमन होते, तीस वर्षांवर नोकरी करून निवृत्त झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आरं, पण शनिवारी कशाला तोडली? शनिवारी तोडायची नसती.”

“का?”

“शनिवारी तोडली तर माणूस पैसे आणणार कुठनं? आठवड्याचा बाजार कधी, पगार कधी, हे बघून तोडायची असती.”

मामांचे असे पुष्कळ नियम होते. पोळ्याच्या, दिवाळीच्या आठवड्यात तोडायची नाही. घरात बाळंतीण असेल तर नाही. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही. थकबाकीची यादी हातात घेऊन गेले, की बहुतेक ठिकाणी ते दोन दिवस थांबत. बाई म्हणायची, दूध डेअरीचं बिल शुक्रवारी निघतंय, मामा म्हणायचे, मग शुक्रवारी येतो. यातला एकही नियम कुठल्या परिपत्रकात नव्हता. कायद्यात आहे तो वेगळा: वीज कायदा २००३, कलम ५६, पैसे थकले तर किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन मगच वीज तोडता येते. मामांचे दोन दिवस त्या पंधरा दिवसांच्या पुढचे.

हे दोन दिवस आता विकत घेतले जात आहेत, आणि त्यांची किंमत नऊशे रुपये आहे. कशी, ते सांगतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण व्यवस्था सुधारण्यासाठी एक योजना मंजूर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे आरडीएसएस म्हणतात. एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपये, त्यात केंद्राच्या अर्थसंकल्पातून ९७,६३१ कोटी. तारा, रोहित्रं, उपकेंद्रं, शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे करणं, अशा कामांना बहुतेक राज्यांत खर्चाच्या ६० टक्के अनुदान मिळतं. ईशान्येकडच्या व डोंगराळ राज्यांत ९० टक्के. प्रीपेड स्मार्ट मीटरला मात्र बहुतेक राज्यांत किमतीच्या १५ टक्के आणि मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. बाकीचा खर्च मीटर बसवणारी कंपनी आधी करते आणि वितरण कंपनी तो हप्त्याहप्त्याने फेडते. देशभरात असे २५ कोटी मीटर बसवायचे ठरले. माझा पगार दूरवरून का होईना याच पैशातून येतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अट अशी आहे, की मीटर प्रीपेड पद्धतीने चालला तरच हे अनुदान मिळेल. म्हणजे नऊशे रुपये मीटर नावाच्या डब्याचे नाहीत. ‘आधी वापरा, मग भरा’ हा व्यवहार ‘आधी भरा, मग वापरा’ असा उलटा फिरवण्याचे आहेत.

अनुदान या शब्दात दान आहे, पण सरकारी अनुदानाला दान म्हणणं भाबडेपणाचं होईल. तरी आपल्याकडे दानाबद्दल जो विचार झालेला आहे तो इथे अगदीच गैरलागू नाही. दान सत्पात्री असावं, असं आपण म्हणतो. घेणाऱ्याची पात्रता बघून द्यावं. आणि योजनेच्या कागदांत हाच शब्द आहे: पात्रता निकष. वितरण कंपनीने लेखापरीक्षण झालेले हिशेब वेळेवर जाहीर केले पाहिजेत. राज्य सरकारने जाहीर केलेल्या सवलतींचे पैसे कंपनीला दिले पाहिजेत. आजचा दर वाढू नये म्हणून तोटा उद्याच्या ग्राहकाच्या नावावर ढकलायचा नाही. हे पूर्ण झालं की मग कामगिरीचं गुणांकन, आणि मग पैसे.

विनोबांनी भूदानात दानाचा अर्थ दुसरा लावला. त्यांच्या मते दान म्हणजे उपकार नव्हे, न्याय्य वाटणी. ज्याचं आहे ते त्याला देणं. त्या अर्थाने पाहिलं तर कर भरणाऱ्यांचा पैसा लोकांच्या विजेच्या तारांवर खर्च करताना पात्रता कसली तपासायची? तार जुनी झाली, बदला. गावातल्या बाईला चांगल्या दाबाची वीज मिळण्याचा हक्क तिच्या राज्याच्या वितरण कंपनीने हिशेब वेळेवर छापले की नाही यावर का अवलंबून असावा?

एक काळ मला हा मुद्दा बिनतोड वाटायचा. मग या क्षेत्राचा इतिहास थोडा वाचला. २००८ मध्ये अशाच एका योजनेत माहिती-तंत्रज्ञानाच्या कामासाठी कर्ज दिलं गेलं आणि सांगितलं गेलं, काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करा, या कर्जाचं अनुदान होईल. बक्षीस आधी हातात आणि परीक्षा नंतर, असा तो प्रकार. २०१५ मध्ये ‘उदय’ आली. त्यात राज्यांनी वितरण कंपन्यांचं ७५ टक्के कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि कंपन्यांनी सुधारण्याचं वचन दिलं. काही सुधारल्या, पुष्कळ पुन्हा कर्जात गेल्या. प्रत्येक वेळी भोक बुजवायला पैसा आला आणि भोक तसंच राहिलं. ही बिलं शेवटी कोण भरतं? जो नियमित भरतो तोच: दुकानदार, कारखानदार, तीनशे युनिटच्या वर गेलेला मध्यमवर्गीय. विनाअट देणं हे न देणाऱ्याच्या बाजूने आणि भरणाऱ्याच्या विरुद्ध घेतलेलं पाऊल असू शकतं. त्यामुळे अटी असाव्यात, हे मला आता पटतं.

माझी अडचण अटीशी नाही, मापाशी आहे. ही सगळी पात्रता शेवटी एका टक्केवारीवर येऊन उभी राहते. तिचं नाव तांत्रिक व वाणिज्यिक हानी. देशपातळीवर ती १२ ते १५ टक्क्यांवर आणायची, असं योजनेचं उद्दिष्ट होतं. गणित सोपं आहे. शंभर युनिट वीज तारेत सोडली. नव्वद युनिटची बिलं झाली. बिलाच्या रकमेपैकी नव्वद टक्के वसूल झाली. नव्वदचे नव्वद टक्के, एक्याऐंशी. हानी १९ टक्के.

या एकोणीसमध्ये काय काय आहे बघा. तार गरम होऊन जी वीज वाया गेली ती आहे. तो निसर्गनियम, त्याला चांगली तार हाच उपाय. आकडा टाकून चोरलेली वीज आहे; ती चोरी. मीटर जळाला आणि सहा महिने कोणी बदलला नाही, तो आळस आहे. ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांचं वर्षानुवर्षं थकलेलं बिल आहे. ते एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात न गेलेले पैसे. आणि ज्या घरात नवरा आजारी पडला, मजुरी बुडाली, म्हणून पाच महिन्यांचं बिल राहिलं, तेही त्याच एकोणीसमध्ये आहे. मामांच्या दोन दिवसांनी वार्षिक टक्केवारीवर ओरखडासुद्धा उठत नाही, शुक्रवारी पैसे आले की ते वसूलच धरले जातात. पण पाच महिने उठतो. चोरी, आळस, गरिबी आणि पदार्थविज्ञान यांची बेरीज करून एक आकडा काढायचा आणि तो कमी केला की शाबासकी द्यायची, अशी ही योजना आहे. मी इंजिनिअर आहे, एक आकडा मला आवडतो. एका आकड्याशिवाय डॅशबोर्ड होत नाही. पण आकडा कमी कसा झाला हे तो आकडा सांगत नाही. तार बदलूनही तो कमी होतो आणि गरीब घराची वीज वेळच्या वेळी तोडूनही होतो. अनुदान दोघांना सारखं.

आता गंमत अशी, की जिथे सगळ्यात मोठं भगदाड आहे तिथे हे माप पोचतच नाही. शेतीपंपांची जोडणी विखुरलेली, वस्तीपासून दूर, म्हणून प्रीपेड मीटरमधून ती वगळली. तिथे फीडरवर मोजणी करायची. वीज कायद्याने मीटरशिवाय वीज देऊ नका, दोन वर्षांत मीटर लावा, असं २००३ मध्ये सांगितलं होतं. अजूनही लाखो पंपांना मीटर नाहीत, त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. अंदाज जितका फुगवावा तितकी गळती कागदावर कमी दिसते, कारण चोरीचे युनिट शेतकऱ्याच्या नावावर खपवता येतात. महाराष्ट्रात पुण्याची ‘प्रयास’ आणि इचलकरंजीचे प्रताप होगाडे हे वर्षानुवर्षं मांडत आले आहेत, आणि राज्य वीज नियामक आयोगानेही आपल्या आदेशांत शेतीच्या वापराचा दावा कमी करून धरलेला आहे. २०२४ पासून तर राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारच भरतं. शेतकऱ्याबद्दल मला आकस नाही, माझं आजोळच शेतीवर चालतं. पण पंप फुकट आणि बल्ब प्रीपेड, ही वाटणी न्यायातून आलेली नाही. ज्याला सभेत उभं राहून ओरडता येतं त्याला सूट मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

ओरडण्याचा परिणाम घरगुती ग्राहकांच्या बाबतीतही दिसला. जून २०२४ मध्ये, प्रीपेड मीटरविरुद्ध राज्यभर आवाज उठल्यावर, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवणार नाही, हे जाहीर केलं. पुढे बसले ते ‘टीओडी मीटर’ म्हणून, बिल महिन्याच्या शेवटी. त्यामुळे सांगोल्यात मामांच्या शेजारणीला जे अजून आहे ते मी ज्यांची वीज तोडतो त्यांना नाही.

इथपर्यंत लिहून मी मामांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं खूश होतील. ते म्हणाले, “तू मला देवमाणूस करून ठेवलायस. माळावरच्या वस्तीवर मी कधी थांबलो न्हाई.”

माळावर बाहेरून आलेल्या मजुरांची वस्ती होती, दगडखाणीवर काम करणाऱ्यांची. तिथे यादी घेऊन गेले की मामा सरळ खांबावर चढत. “तिथं आपलं ओळखीचं कोण होतं? आणि शुक्रवारी म्हटलं तर शुक्रवारी ते गावात असतील का न्हाई, कुणी सांगावं?” गावातल्या पाटलाच्या वाड्याची थकबाकी चार आकडी असायची, तिथे दोन दिवसांचे दोन महिने होत. हेही मामांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

म्हणजे मामांची माया ओळखीवर चालत होती. माझा कोड ओळख बघत नाही. पाटलाला आणि खाणकामगाराला तीनच एसएमएस, मराठी कळो वा न कळो, ज्याच्या त्याच्या भाषेत. शिवाय आणखी एक गोष्ट प्रीपेडच्या बाजूने बोलली पाहिजे. अनेक ठिकाणी वसुलीसाठी अख्खा डीपी बंद करायची पद्धत होती. दहातल्या आठांनी भरलं नाही म्हणून भरलेल्या दोघांचीही वीज जायची. कुणाच्या तरी थकबाकीची शिक्षा शेजाऱ्याला. स्मार्ट मीटरने ही झुंडशाही संपते. आणि खांबावर चढून तोडायला गेलेल्या वायरमनला मार खायला लागत नाही. मामांच्या हातावर एक जुनी खूण आहे, तिचा इतिहास ते दर वेळी वेगळा सांगतात.

मग माझं म्हणणं काय? मामांचे दोन दिवस परत आणा, असं मी म्हणू शकत नाही. ते ज्याला मिळाले त्याला मिळाले. ते दिवस नियम म्हणून सगळ्यांना द्यायचे तर कोडमध्ये जागा आहे. शिल्लक शून्याखाली गेली तरी काही रुपयांपर्यंत वीज चालू ठेवणं, ज्या घरात आजाराचं यंत्र चालतं ते वगळणं, उन्हाळ्यात वेगळी मर्यादा; हे सगळं एकेका आकड्याचं काम आहे. आमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘वाढीव मुदत’ नावाचा रकाना आहे, आणि त्यात आज शून्य लिहिलेलं आहे. तिथे दोन लिहायला मला एक सेकंद पुरेल. लिहायचा अधिकार मात्र माझा नाही, आणि तो नसावा हेही मला मान्य आहे. मी कोण? ज्यांची वीज जाते त्यांनी मला निवडून दिलेलं नाही.

पण अधिकार कोणाचा हे शोधायला गेलो, तर गोष्ट हातातून निसटत जाते. माझे मॅनेजर म्हणतात, ग्राहक कंपनी सांगेल तसं. ग्राहक कंपनी म्हणते, मुदत दिली तर थकबाकी दिसेल, थकबाकी दिसली तर हानी वाढेल, हानी वाढली तर गुणांकन घसरेल. दिल्लीने तर कुठल्याच घराची वीज तोडायला सांगितलेलं नाही. तिने फक्त एक टक्केवारी मागितली. मामा खांबावर चढले तेव्हा कोणीतरी एक माणूस चढला होता, त्याला शिव्या देता येत होत्या. इथे प्रत्येकाने फक्त आपलं काम केलं आहे.

त्यात शब्दही बदलले आहेत. प्रीपेडमध्ये वीज ‘तोडली’ असं म्हणायला जागा राहत नाही. दुकानातलं तेल संपलं म्हणून दुकानदाराने तुमचा दिवा विझवला असं कोण म्हणतं? तुम्ही विकत घेतली नाही, एवढंच. मग कलम ५६ मधली पंधरा दिवसांची नोटीस कुणाला द्यायची, कशाबद्दल? थकबाकीच नाही. मीटर प्रीपेड झाला की थकबाकीदार नावाची जमातच यादीतून नाहीशी होते, आणि ती यादी, तिच्यात कितीही अपमान असला तरी, गावात कुणाचं कसं चाललं आहे याची एक नोंद होती. ब्रिटनमध्ये प्रीपेड मीटर खूप जुने आहेत, आणि तिथे पैसे नसल्यामुळे आपणच आपली वीज जाऊ देण्याला वेगळं नाव आहे, त्याची मोजदाद होते. तरीसुद्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या नियामकाला लोकांच्या घरात सक्तीने असे मीटर बसवणं थांबवायला सांगावं लागलं. निदान त्यांच्याकडे मोजायला शब्द तरी होता.

आमच्याकडे शब्द नाही, पण नोंदी आहेत. प्रत्येक मीटर कधी तुटला आणि कधी जुळला हे सेकंदासकट आमच्या डेटाबेसमध्ये आहे. चाळीस तासवालं घरही आहे. त्या महिन्याच्या अहवालात ते घर कसं दिसलं ते मी मुद्दाम पाहिलं: मीटर संपर्कात, शिल्लक जमा, थकबाकी शून्य, हानी शून्य. सगळे रकाने हिरवे. अनुदानाच्या दृष्टीने आमच्या उत्तम घरांपैकी एक.

पात्रता तपासायचीच आहे तर तीही तपासा, असं मला वाटतं. हानीच्या टक्केवारीशेजारी दुसरा रकाना असावा: शिल्लक संपल्यामुळे किती घरं किती तास अंधारात राहिली. तो आकडा वाढवून हानी कमी केली असेल तर गुण कापा. तार बदलून कमी केली असेल तर पूर्ण द्या. मीटर तोच, डेटा तोच, नऊशे रुपये तेच. अटी घालणाऱ्याने ही अट घातली तर ग्राहक कंपनीचा अधिकारीच उद्या सकाळी मला फोन करून त्या शून्याचं काही करायला सांगेल.

ऑगस्टमध्ये मी असा अहवाल काढणारी क्वेरी लिहिली. पंचवीस-तीस ओळींची. रात्री चालवली, चार मिनिटांत उत्तर आलं. आकडा इथे देणार नाही, तो माझा नाही. मॅनेजरला दाखवला. वाईट माणूस नाही तो; बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, हे करारात नाही, बदलाची विनंती टाक. टाकली. तिच्यापुढे ‘खर्च कोण उचलणार?’ असा एक शेरा आला आहे, कारण अनुदानास पात्र कामांच्या यादीत अहवाल बसत नाही. पुढची बैठक गुरुवारी आहे. मामांनी विचारलं आहे, बैठकीत काय झालं ते कळव, आणि त्या घराला दोनशे रुपये किती दिवस पुरले तेही बघ.